आबाजी इतके बारीक नव्हते



आमच्या घरी सध्या एका फोटोवरून भांडण चालू आहे. भांडणात चार जण आहेत आणि मुख्य आरोपी मी. मराठी विभागासाठी ‘तंत्रज्ञानावर काहीतरी मत लिही’ असं फर्मान निघालं तेव्हा माझ्याकडे ताजं मत हे एवढंच होतं. बाय द वे, मी कॉन्व्हेंटवाली. आमच्या धामणगाव रेल्वेत इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, पण माझी खरोखरच सिस्टर्सची होती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला, टक्केवारीच्या चुका मात्र घालू नका. हा लेख टक्केवारीवरच आहे.

मत आधीच सांगून टाकते. डीव्हीडी कॉम्प्युटरवर चालवून त्यातला एक क्षण फोटो म्हणून साठवायचा, हे एक बटन दाबायचं काम आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्या बटनाआधी प्लेअर तुमच्या वतीने चार-पाच निर्णय घेऊन बसलेला असतो. ते तपासल्याशिवाय असा फोटो भिंतीवर लावू नये आणि मासिकात छापू नये. तो त्या माणसाचा फोटो नसण्याची बरीच शक्यता असते.

आता आबाजींचं सांगते. माझे आजोबा २००९ साली गेले. मी चार वर्षांची होते, मला ते आठवतात असं मी म्हणते, पण ते बहुतेक ऐकलेलंच असावं. त्यांना फोटोचा कंटाळा. शेतकरी माणूस, धोतर, पांढरी टोपी, ‘कॅमेरा आनला का मी चाललो वावरात’ असा स्वभाव. आधार कार्डाचा फोटो तरी असता, पण पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत वाटलं गेलं आणि आबाजींनी तेवढीही वाट पाहिली नाही. लग्नाचे अल्बम वाळवीने खाल्ले. उरला मतदार ओळखपत्रावरचा फोटो. तो मोठा करून इतकी वर्षं भिंतीवर आहे. ओळखपत्रावरच्या फोटोत माणूस कसा दिसतो हे मी सांगायला नको.

आणि उरली काकांच्या लग्नाची डीव्हीडी. २००६ सालचं लग्न, दोन डिस्क, वर गुलाबाच्या फुलांचं कव्हर. त्यात आबाजी एकूण पाच-सहा वेळा दिसतात. त्यातला सगळ्यात जवळून घेतलेला शॉट स्टुडिओवाल्याने बदामाच्या आकारात घालून गरागरा फिरवला आहे (हसू नका, तुमच्याही घरच्या लग्नात हेच केलेलं असेल). शेवटी मंगलाष्टकांच्या वेळचा एक शॉट सापडला. आबाजी उभे आहेत, हातात अक्षता, पाठीमागे कार्यालयाच्या भिंतीवरचं गोल घड्याळ. ते घड्याळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिला प्रयत्न काकांच्या जुन्या एक्सपीवाल्या कॉम्प्युटरवर, कारण माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही. डीव्हीडी लावली, शॉट आला, थांबवला, ‘प्रिंट स्क्रीन’ दाबलं, पेंटमध्ये पेस्ट केलं. काळा चौकोन! जुन्या मशीनमध्ये व्हिडिओ बाकीच्या पडद्यात मिसळत नाही. ग्राफिक्स कार्ड तो वेगळा ठेवतं आणि शेवटच्या क्षणी पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनात टाकतं. प्रिंट स्क्रीनला तो रिकामा चौकोनच मिळतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी अर्धा तास डिस्क पुसत बसले.

मग यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह घेतला आणि लॅपटॉपवर लावला. भाऊ शेजारी बसला होता. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या त्याला आवडेनात, म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन चित्र स्क्रीनभर केलं. स्क्रीन १३६६ बाय ७६८. मी स्क्रीनशॉट घेतला, प्रिंट काढली आणि आजीच्या हातात दिली.

आजीने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “हे कोन होय वो? तोंड त तेच हाय, पन मानूस तो नोहे.”

बरोबरच होतं तिचं. चारास तीन आकाराचं चित्र सोळास नऊमध्ये ताणलं की प्रत्येक माणूस ३३ टक्के रुंद होतो. आबाजी एखाद्या गब्बर सावकारासारखे दिसत होते.

दुसऱ्या वेळी मी हुशारी केली. स्क्रीनशॉट नको, प्लेअरचाच ‘सेव्ह इमेज’ वापरू, म्हणजे डिस्कवर जसं आहे तस्सं मिळेल. मिळालंही तस्सं, ७२० बाय ५७६. छान, स्वच्छ, कुठे ताणलेलं नाही. पुन्हा प्रिंट, पुन्हा आजी.

या वेळी ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “असे त ते शेवटाले झाल्ते. दवाखान्यात. तवाचा फोटू कोनी काढला वो?”

कोणीच काढला नव्हता. तो लग्नातलाच फोटो होता, तीन वर्षं आधीचा, धडधाकट माणसाचा. मला तिला समजावून सांगता आलं नाही, कारण मलाच कळलं नव्हतं.

नंतर जे कळलं ते असं. आपल्याकडची पाल पद्धतीची डीव्हीडी एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके साठवते. चित्र चारास तीन असो की सोळास नऊ, साठवण तेवढीच. ते ठिपके चौरस नसतात. दाखवताना प्लेअरने ते आडवे पसरायचे असतात, चारास तीन असेल तर ७६८ पर्यंत, सोळास नऊ असेल तर १०२४ पर्यंत. कॉम्प्युटरचा ठिपका मात्र चौरस. म्हणजे ७२० बाय ५७६ ची फाईल जशीच्या तशी छापली, तर माणूस सव्वासहा टक्के बारीक होतो. ‘डिस्कवर आहे तस्सं’ हेच चुकीचं होतं! काही प्लेअर फोटो साठवताना ही दुरुस्ती स्वतः करतात, काही करत नाहीत, आणि कोणी केली हे तुम्हाला सांगत नाहीत. म्हणून फाईलवर राइट क्लिक करून लांबी-रुंदी बघणं हे पहिलं काम. ७६८ बाय ५७६ असेल तर ठीक. ७२० असेल तर फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त रुंदी वाढवायची, उंचीला हात लावायचा नाही.

सहा टक्के म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं असतं. लॅबमध्ये सहा टक्के चूक आली तर आपण ‘ह्युमन एरर’ लिहून मोकळे होतो. पण माणसाच्या चेहऱ्यात सहा टक्के म्हणजे तब्येत आणि आजारपण यांतलं अंतर आहे, हे मला सातवी शिकलेल्या बाईने दाखवलं.

इथे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी एक खोड काढते, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. ७६८ हेही पूर्ण खरं नाही. डिजिटल व्हिडिओचा सॅम्पलिंग दर १३.५ मेगाहर्ट्झ आणि पालच्या एका ओळीत खरं चित्र ५२ मायक्रोसेकंद. गुणाकार करा, ७०२ येतात. म्हणजे चारास तीन आकार ७०२ ठिपक्यांत भरतो, उरलेले अठरा कडेचे. त्या हिशेबाने ७२० चे ७८८ करायला हवेत. ७६८ आणि ७८८ मध्ये अडीच टक्क्यांचा फरक. कोण खरं? तर आठवा ते भिंतीवरचं घड्याळ. गोल वस्तू समोरून घेतलेली असेल तर तिची उंची आणि रुंदी सारखी यायला हवी. मी कच्च्या फाईलमध्ये ठिपके मोजले. घड्याळ ९४ उंच होतं. ७६८ खरं असेल तर ते ८८ रुंद हवं, ७८८ खरं असेल तर ८६. मला आलं ८७! कड इतकी पुसट की एक ठिपका इकडे की तिकडे, देव जाणे. रात्री दोन वाजता मी हरले आणि झोपले. पण ही गोल वस्तूची युक्ती लक्षात ठेवा. बांगडी नको, ताट नको, ती तिरपी असतात. घड्याळ, पंख्याचा फोटो, गाडीचं चाक अगदी समोरून दिसत असेल तर चालेल.

दुसरी भानगड हातांची. आबाजी अक्षता टाकतात त्या क्षणी थांबवलं तर हाताला करवतीसारखे दात दिसतात. याचं कारण असं की लग्नाचे जुने कॅमेरे एका सेकंदाला २५ पूर्ण चित्रं घेत नसत, ५० अर्धी घेत. आधी विषम ओळी, मग एक पन्नासांश सेकंदाने सम ओळी. तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. दोन अर्धी एकत्र विणली की हलणाऱ्या वस्तूला दात येतात, स्थिर वस्तू मात्र एकदम चोख येते. यावर प्लेअरमध्ये डीइंटरलेस नावाचा उपाय असतो. व्हीएलसीत ‘डी’ दाबलं की तो चालू-बंद होतो आणि त्यात बरेच प्रकार आहेत. ‘डिस्कार्ड’ अर्ध्या ओळी फेकूनच देतो. ‘ब्लेंड’ दोन्ही मिसळतो, मग हाताच्या जागी हाताचं भूत येतं. ‘याडिफ’ त्यातल्या त्यात समजूतदार.

माझं मत असं की यातला कोणताही लावण्याआधी वेगळा क्षण शोधावा. ‘ई’ दाबलं की व्हीएलसी एकेक चित्र पुढे जातं. मी तो अकरा सेकंदांचा शॉट एकेक करून पाहिला, पावणेतीनशे चित्रं. एका ठिकाणी आबाजी अक्षता टाकून झाल्यावर क्षणभर नुसते बघत उभे राहतात, नवरा-नवरीकडे. हात खाली, मान स्थिर. तिथे उपाय बंद ठेवला तरी दात नाहीत आणि ५७६ च्या ५७६ ओळी खऱ्या. ‘शिफ्ट’ आणि ‘एस’ दाबून तो घेतला. आधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन जेपीजीच्या जागी पीएनजी केलं होतं. डिस्कवर चित्र आधीच दाबून बसवलेलं असतं (साडेतीन तासांचं लग्न दोन डिस्कांत), त्याला जेपीजी करून पुन्हा दाबायचं म्हणजे पिळलेलं धोतर पुन्हा पिळणं.

रंगाचं थोडक्यात. डीव्हीडीत काळा म्हणजे शून्य नसतो, १६ असतो, आणि पांढरा २५५ नसतो, २३५ असतो. प्लेअरने हे ताणलं नाही तर फोटो राखाडी, धुरकट. दोनदा ताणलं तर पांढऱ्या टोपीच्या चुण्या गायब. माझ्या एका प्रतीत टोपी म्हणजे नुसता खडूचा तुकडा झाला होता. शिवाय रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा आडवी-उभी निम्मीच साठवलेली असते, त्यामुळे काकूच्या शालूचे लाल काठ फुटलेले दिसतात. त्याला इलाज नाही, ते तसंच राहू द्यावं.

हे सगळं कळल्यापासून माझी नजर बिघडली आहे. मला सगळीकडे ताणलेली माणसं दिसतात. चौकातल्या फ्लेक्सवर, कार्यालयातल्या टीव्हीवर, अभिनंदनाच्या जाहिरातीत. आणि एका मासिकात (नाव नको, आपलेच लोक आहेत) मराठी सिनेमावरच्या लेखात ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस पानाची रुंदी भरायला असे ताणले होते की तुकोबा मंबाजीसारखे दिसत होते.

हा राग मला नुसता सौंदर्याचा वाटत नाही. ‘संत तुकाराम’ १९३६ चा, दामले आणि फत्तेलाल यांचा, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. ‘प्रभात’च्या त्या माणसांनी कॅमेऱ्याच्या चौकटीत कोण कुठे उभं राहील हे ठरवण्यात आयुष्य घातलं. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि त्यात प्रभातच्याही मूळ फिल्म गेल्या. संग्रहालय आपलं जतनाचं काम करतंच, पण धामणगावच्या पोट्ट्याला फिल्मची प्रिंट कोण दाखवणार? त्याला तुकोबा दिसणार ते घरच्या डिस्कवरून, नाहीतर त्या डिस्कवरून काढलेल्या आणि एकाने दुसऱ्याला पाठवलेल्या फोटोतून. तोच फोटो बेढब निघाला तर पुढच्यांना वाटेल दामल्यांनीच तसा काढला.

आणि इथे घोटाळा लग्नाच्या डिस्कपेक्षा वरचढ आहे. आपल्या सिनेमांच्या पुष्कळ डीव्हीडी अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीच्या असतात, ७२० बाय ४८०. चारास तीनसाठी तिथे उलटं, ७२० चे ६४० करावे लागतात. म्हणजे एकच पागनीस पालच्या डिस्कवरून जसेच्या तसे घेतले तर सहा टक्के रोड आणि एनटीएससीवरून घेतले तर साडेबारा टक्के लठ्ठ! शिवाय फिल्म सेकंदाला २४ चित्रांची आणि एनटीएससी साधारण ३० ची. ती जुळवायला फिल्मच्या चार चित्रांची पाच करतात, त्यातली दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी मिसळून झालेली. तुम्ही नेमकं त्यातलं एक पकडलं तर जे चित्र कॅमेऱ्याने कधी पाहिलंच नाही ते तुमच्या हाती येतं. दोन-तीन चित्रं पुढे सरका, स्वच्छ मिळेल. (कायद्याचं विचाराल तर सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, तुकाराम त्यातून कधीच मोकळा झाला. नव्या सिनेमांबाबत समीक्षेपुरता एखादा फोटो आणि अख्खी डिस्क उतरवून वाटणं यांत फरक आहे, तो पाळा.)

जाता जाता, तो व्हीएलसी प्लेअर पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या पोरांनी १९९६ मध्ये प्रोजेक्ट म्हणून सुरू केला होता आणि २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. आपली प्रोजेक्ट्स सबमिशननंतर कुठे जातात, हा विषय पुन्हा कधीतरी.

आता भांडण. माझा ७६८ बाय ५७६ चा फोटो तयार झाला. ३०० डीपीआयने छापला तर साडेसहा सेंटीमीटर रुंद, १५० ने छापला तर १३. त्यापेक्षा मोठा केला की ठिपके दिसतात. काकांना पाहिजे बारा बाय अठरा इंच, हार घालता येईल असा. मग माझ्या चुलतभावाने तो मोबाईलवरच्या एआय ॲपमध्ये घातला. तीस सेकंदांत फोटो चौपट मोठा, चकचकीत, भुवईचा केस न् केस मोजून घ्या. घरच्या ग्रुपवर टाकला, पंचवीस जणांनी हात जोडले. काका म्हणाले, “हाच लावू.”

आबाजींचे पुढचे दोन दात पडलेले होते. ॲपने ते बसवून दिले. कपाळावर डाव्या बाजूला बैलाचं शिंग लागल्याची खूण होती, माझ्या फोटोत ती चार-पाच ठिपक्यांची फिकट रेघ आहे. ॲपला ती धूळ वाटली असावी. त्याला जी माहिती डिस्कवर नाही ती कुठूनतरी आणावी लागते आणि तो ती दुसऱ्याच म्हाताऱ्यांच्या फोटोंतून आणतो. माझी चूक सहा टक्क्यांची होती आणि ती मोजून काढता आली. याची चूक किती टक्क्यांची, ते कोणत्या घड्याळावर मोजायचं?

भाऊ म्हणतो, “लोकांना खरं नको असतं, छान पाहिजे असतं.” लोकांचं मला माहीत नाही. काकांचंही पूर्ण चूक नाही, त्यांच्या बापाचा फोटो आहे, आणि लहान फोटोला मोठा हार घातला की हारच दिसतो. पण मी हट्टाला पेटले आहे. मोठा लावायचा तर ठिपके दिसू द्या, लांबून बघा.

निकाल अजून लागलेला नाही. बारा बाय अठराची रिकामी फ्रेम आणून ठेवली आहे, तिच्यात सध्या काच आणि पुठ्ठा. माझा १३ सेंटीमीटरवाला आजीने मागून घेतला आणि पोथीत ठेवला. देताना मी विचारलं, “आता बरोबर आहे का?” ती फोटोकडे बघत म्हणाली, “टोपी वाकडी हाय. कार्याले निघाले तवा मी सांगतलं होतं.”

ता. क. घरोघरी बाजारच्या कोऱ्या डिस्कवर लिहिलेल्या लग्नाच्या डीव्हीडी असतील. त्यांतला रंगाचा थर उन्हाने आणि वर्षांनी खराब होतो, आणि ड्राइव्ह तर नव्या लॅपटॉपमधून गेलेच. आमची दुसरी डिस्क शेवटच्या वीस मिनिटांत अडकते, वरातीचा भाग गेला तो गेलाच. ज्यांना डिस्कची आधी अख्खी प्रत काढून ठेवायची असेल त्यांनी शनिवारी दुपारी होस्टेलवर यावं. ड्राइव्ह माझ्याकडे आहे, पेन ड्राइव्ह तुमचा आणा, आणि बदामातले फोटो बाहेर काढून मागू नका, ते मलाही जमलेलं नाही.